भात कापू का, बाई?

मैत्रिणींनो, हवापाण्याच्या गप्पा म्हणजे बोलायला दुसरे काही नसले की करायच्या गप्पा, असे लग्नाआधी मी समजत असे. बसस्टॉपवर शेजारी उभ्या असलेल्या बाईंना "काय उकडतंय ना!" म्हणायचे, त्यांनी "हो ना!" म्हणायचे, तेवढ्यात बस यायची. सुरगाण्याला बिऱ्हाड केल्यापासून माझी ही समजूत पार बदलली आहे. इथे आश्विन महिन्यात कोणी "बाई, या आठवड्यात काय म्हणतंय आभाळ?" असे विचारले, तर उत्तर जपून द्यावे लागते. एकदा मी ते न जपता दिले होते. ती हकिगत सांगायलाच आज लिहायला बसले आहे. पण आधी सुरगाणा कुठे आहे ते सांगते, कारण नाशकातल्याच माझ्या मैत्रिणी अजून विचारतात, "म्हणजे गुजरातेत का गं?"

गुजरातेत नाही, पण गुजरात हाकेच्या अंतरावर आहे. नाशिकहून आमचे गाव सुमारे ९० किलोमीटर. बस दिंडोरीवरून वणीला येते तोवर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि उजव्या हाताला सप्तशृंगीचा डोंगर. वणी मागे पडली की बागा विरळ होत जातात, घाट लागतो आणि जणू कोणी पडदा बदलावा तसा मुलूखच बदलतो. सापुताऱ्याला जाणाऱ्या गाड्या बोरगावहून सरळ हातगडाकडे निघून जातात, आपण डावीकडे वळायचे. आता उतारावर नागली आणि वरई, खालच्या खाचरांत भात, आणि मधूनच खुरासणीचे पिवळेधमक पट्टे. खुरासणी फुलात असताना हा रस्ता एकदा तरी बघा. सापुताऱ्याला जाणारे सगळे तळ्यात होडी चालवून परत येतात; डावीकडे वळायचे कोणाला सुचत नाही.

सुरगाणा हे एके काळी देशमुखांचे छोटेसे संस्थान होते. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. आता तालुक्याचे गाव: बाजारपेठ, कचेऱ्या, शाळा, एस. टी. स्टँड. भोवती डोंगरांत विखुरलेले पाडे. वस्ती बहुतेक कोकणा, वारली, महादेव कोळी अशा आदिवासी समाजांची. आमच्या ह्यांची नोकरी एका कचेरीत आणि मी दुपारच्या वेळी एका शाळेत अर्धवेळ शिक्षिका. शिकले मराठी घेऊन बी. ए., पण भूगोलाला कोणी नाही म्हणून भूगोलही माझ्याच गळ्यात पडला. तो पडला हे बरेच झाले, असे आता वाटते.

कारण इथला भूगोल पुस्तकात नाही, डोक्यावर कोसळतो. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आमच्या तालुक्यात दोन हजारांच्या आसपास, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. सह्याद्रीच्या पश्चिम अंगावर आम्ही बसलेले, समुद्रावरून येणारा ढग आधी आमच्यावर रिता होतो आणि उरलासुरला पूर्वेकडे जातो. केमच्या डोंगरावरून गिरणा पूर्वेला निघते ती तापीला मिळते. नार आणि पार मात्र पश्चिमेला, गुजरातेतून अरबी समुद्राकडे. एवढे पाणी आमच्या अंगणातून वाहून जाते आणि एप्रिल-मे महिन्यांत ह्याच तालुक्यातल्या बायका हंडे घेऊन दरीतल्या झिऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरत बसतात. त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल, आणि तो लिहिताना माझा हात इतका शांत राहणार नाही.

माझे माहेर सिन्नरचे. सिन्नर म्हणजे पर्जन्यछायेचा मुलूख, आमच्या इथल्या पावसाच्या पाव हिश्श्याचा. तिकडे आश्विनातला परतीचा पाऊस म्हणजे देव. त्याच्यावर विहिरी भरायच्या, त्याच्यावर हरभरा आणि ज्वारी पेरायची. लहानपणी संध्याकाळी रेडिओवर हवामानाचा अंदाज लागला की वडील हात वर करून सगळ्यांना गप्प बसवायचे. "येत्या चोवीस तासांत कोकणात बऱ्याच ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी..." एवढे ऐकले की त्यांचा चेहरा उतरायचा. आम्हाला वाटे, तुरळक हे कुठल्या तरी दूरच्या गावाचे नाव असेल. तिथेच मेला रोज पाऊस पडतो!

तर अशी मी, परतीच्या पावसासाठी देव पाण्यात ठेवणाऱ्या घरातली मुलगी, लग्न होऊन येऊन पडले कुठे, तर जिथे तोच पाऊस आता नको म्हणून लोक आभाळाकडे बघतात तिथे. आश्विनात सिन्नरच्या शेतात अजून पेरायचे असते. सुरगाण्याच्या शेतात मात्र वर्षाचे सगळे उभे असते किंवा आडवे पडलेले असते. हळवे भात आधी पिकते, मग निमगरवे, गरवे शेवटी. उतारावर नागलीची कणसे खुडायला येतात, उडदाच्या शेंगा वाळतात. पावसाच्या पाण्यावरचे हे एकच पीक. ते घरात आले तर खायचे, नाही तर रेशनच्या दुकानाची वाट.

आता ती हकिगत. आमच्याकडे रोज सकाळी दूध घेऊन एक मावशी येतात. दोन किलोमीटरवरच्या पाड्यावर त्यांचे घर, जेमतेम दीड एकर जमीन. आपसात त्या कोकणी बोली बोलतात, ती मला अजूनही अर्धीच समजते. माझ्याशी मात्र समजेलसे मराठी बोलतात. तीन वर्षांपूर्वी, असेच हस्त नक्षत्र संपत आलेले, सकाळी दूध मोजून झाल्यावर त्यांनी विचारले,

"बाई, तुमच्या फोनात बघा जरा. भात कापू का?"

माझी गडबड. कणीक मळायची राहिलेली, धाकटा आंघोळीला येत नव्हता. ओल्या हाताने फोन उघडला. वर 'नाशिक' असे लिहिलेले, खाली पाच दिवसांचे पाच पिवळे सूर्य. "कापा हो बिनधास्त," मी म्हटले, "पाच दिवस ऊनच ऊन आहे."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मावशी, त्यांची सून आणि सावडीला आलेल्या दोघी-तिघींनी मिळून सगळे हळवे भात कापले. कापलेले भात लगेच उचलत नाहीत. दोन-तीन दिवस तिथेच पसरून वाळवतात, मग पेंढ्या बांधून खळ्यावर आणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर्गात होते. साडेतीनला उजेड कमी झाला. पावसाळ्यात ढग गुजरातच्या बाजूने येतात, हा आला उलटा, वणीच्या डोंगराकडून. काळा, उभा, वरून पसरलेला. चारला विजा सुरू झाल्या आणि मग तासभर असा पाऊस, की वर्गात माझे मलाच ऐकू येईना. मुली खिडकीकडे बघत होत्या. त्यांच्यातल्या निम्म्यांचे भात शेतात असणार, हे मला तेव्हा सुचलेसुद्धा नाही. मला एवढेच दिसत होते: पाच पिवळे सूर्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी रोजच्या वेळेला आल्या. दूध मोजले. मी विचारले, "भात?" तर म्हणाल्या, "भिजलं." बस्स. पुढे दोन दिवस ढगाळच होते. त्यांनी भात उलटेपालटे केले, जमेल तेवढे ओट्यावर आणून पसरले, थोडे चुलीजवळही. चौथ्या दिवशी मी मुद्दाम पाड्यावर गेले. खालच्या थरातल्या लोंब्यांना पांढरे कोंब फुटले होते. नखाएवढे, कोवळे. एरवी कुंडीत असा कोंब दिसला तर किती आनंद होतो आपल्याला! मी तिथे उभी राहून काहीबाही बोलत राहिले. नुकसानीचे थोडे पैसे द्यावेत असे मनात आले, पण ते कसे म्हणायचे ते सुचेना. मावशीच म्हणाल्या, "पाऊस काय तुम्ही पाडला का, बाई?" आणि आत चहा ठेवायला गेल्या. तो चहा मला गिळवला नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितले, तर हे म्हणाले, "अगं, अंदाजच तो, चुकायचाच." पण चुकला कोण? मी बघितले ते नाशिक शहर. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके. इकडे सुरगाणा, तिकडे येवला आणि नांदगाव, ह्यांचे आभाळ कधी एक असते का? मी घाईत एका चित्रावर बोट ठेवले आणि दुसऱ्या बाईचे वर्षभराचे अन्न त्याच्यावर लावले. अंदाज वाचायचा असतो, बघायचा नसतो, हे मराठी शिकवणाऱ्या मला कळायला हवे होते.

मग मी ते वाचायला शिकले. तुम्हालाही सांगते, कारण आपण सगळ्याजणी हे शब्द रोज ऐकतो आणि सोडून देतो. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्या ते पाऊण, त्याच्यापुढे 'बहुतेक ठिकाणी'. हे शब्द किती जागी पाऊस पडेल ते सांगतात, किती जोरात ते नव्हे. जोराचे शब्द निराळे. चोवीस तासांत साडेपंधरा मिलिमीटरपर्यंत पडला तर तो 'हलका', त्यापुढे ६४.४ पर्यंत 'मध्यम', आणि ६४.५ पासून 'मुसळधार'. म्हणजे वडिलांचा चेहरा उतरवणारा तुरळक पाऊस एखाद्या गावाला धुऊनही काढू शकतो. आणि कापून पडलेल्या भाताला तर हलका पाऊसही पुरे होतो.

रंगांचेही तसेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. हिरव्याला काही सूचना नाही. आमच्यासारख्यांनी 'नाशिक' बरोबर 'नाशिक घाट' हा वेगळा शब्द शोधायचा. अलीकडे घाटाचा इशारा वेगळा देतात. मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी कृषी हवामान सल्ला निघतो, आपल्या जिल्ह्याचे ते काम इगतपुरीच्या कृषी संशोधन केंद्राकडे आहे. त्यात पाच दिवसांचा पाऊस, तापमान, वारा, आणि कापलेले पीक झाकून ठेवा की कापणी लांबवा, हेही साध्या मराठीत असते. मी तो वाचते आणि शाळेच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवते. मुली तो पाड्यावर नेतात. गृहपाठ विसरतात, हे विसरत नाहीत.

मान्सून परत कधी जातो, हाही एक प्रश्न. पूर्वी मुंबईतून तो २९ सप्टेंबरला जातो असे धरत. २०२० साली हवामान खात्याने जुन्या नोंदी तपासून ही सरासरी तारीख ८ ऑक्टोबर केली. म्हणजे आपल्या आयांच्या वेळचा दसरा आणि आपला दसरा ह्यांच्यात कागदोपत्रीच नऊ दिवसांचा पाऊस वाढला. २०१९ साली तर राजस्थानातून मान्सून निघायलाच ९ ऑक्टोबर उजाडला, इतका उशीर नोंदींमध्ये पूर्वी कधी नव्हता. तो जातो न जातो तोच ऐन दिवाळीत अरबी समुद्रात 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' अशी चक्रीवादळे आली. इकडे भात आणि नागली, घाटापलीकडे द्राक्षबागा, कोणीच सुटले नाही. आम्ही तेव्हा इथे आलो नव्हतो. पण "त्या दिवाळीला" असे कोणी म्हटले की ती दिवाळी कुठली, ते सुरगाण्यात विचारावे लागत नाही.

दुपारनंतरच का पडतो हा पाऊस? नववीच्या वर्गात मी हे चुलीवरून समजावते. जमीन अजून ओली असते, खाचरांत पाणी असते, आणि पावसाळी वारा मंदावल्याने आभाळ मोकळे होऊन ऊन कडक पडते. म्हणजे खालून आच, पातेल्यात पाणी आणि वारा नाही. सकाळभर वाफ वर चढत राहते, दुपारपर्यंत तिचा ढग उभा होतो, तीन ते सहाच्या दरम्यान ओततो, आणि रात्री बघावे तर चांदण्या. म्हणून आश्विनात माझा घरचा नियम ठरला आहे: जे काही उन्हात घालायचे ते दुपारी दोनच्या आत उचलायचे. गोधड्या, कडधान्ये, पावसाळ्यात बुरसलेल्या चपला, मसाल्याच्या बरण्या, सगळे. धान्य उन्हातून आणल्याबरोबर डब्यात भरू नका, सावलीत पूर्ण गार होऊ द्या, नाही तर डब्याला आतून घाम येतो आणि मेहनत फुकट जाते.

आणि ह्या दिवसांतल्या विजांना हलक्यात घेऊ नका. जून-जुलैच्या संततधारेपेक्षा ह्या तासाभराच्या ढगात वीज फार, आणि नेमक्या त्याच वेळी बायका शेतात वाकलेल्या असतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. पण मोजत बसण्यापेक्षा गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जाणे बरे. झाडाखाली तर मुळीच नाही. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाल्याशिवाय पुन्हा शेतात उतरू नका. मुलींकडून मी हे पाठ करून घेतले आहे, कारण झाडाखाली थांबायची सवय सगळ्यांनाच आहे, मलाही होती.

दर रविवारी माझ्या नणंदेचा फोन येतो. त्या डब्लिनला असतात. आयर्लंड म्हणजे चोहोंकडून समुद्र, त्यामुळे थंडीही बेताची आणि उन्हाळाही बेताचा; जानेवारीत सरासरी पाचेक अंश, जुलैत पंधरा-सोळा. तिकडचा हवामानाचा अंदाज त्या मला वाचून दाखवतात: मधूनमधून ऊन, अधूनमधून सरी, सोमवारी तेच, मंगळवारी तेच. "वन्स, हे वर्षभर एकच लिहून ठेवलं तरी चालेल की," असे मी एकदा म्हटले. पण गंमत ऐका. डब्लिनला वर्षभरात साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे जवळपास आपल्या नाशिकएवढाच! फरक एवढाच की तो वर्षातले दीडशे दिवस थोडा थोडा पडतो, आणि देशाच्या पश्चिम भागात तर सव्वादोनशे दिवसांपर्यंत. भुरभुर यायची आणि जायची. वन्स म्हणतात, छत्री नेली तर पडत नाही, आणि दोरीवर कपडे घातले की पडतोच. परवा त्या म्हणाल्या, "इथले शेतकरीही गवत कापायला सलग तीन कोरड्या दिवसांची वाट बघतात." तीन दिवस! हा आकडा ऐकून मला मावशी आठवल्या. साता समुद्रापलीकडे, कधी न कडकडणाऱ्या आभाळाखाली, तोच हिशेब.

ह्या वर्षीचा हस्ताचा शेवटचा आठवडा आता संपतो आहे. सोमवारी शाळेत आमचा हादगा होता. पाटावर हत्ती काढला, मुलींनी फेर धरला. इथल्या मुलींना ही गाणी घरची नाहीत, पण खिरापत ओळखायला त्या फार तरबेज. मंगळवारी सल्ला आला: बुधवार, गुरुवार कोरडे, शुक्रवार, शनिवार घाट भागात तुरळक ठिकाणी विजांसह हलका ते मध्यम पाऊस. बुधवारी सकाळी मावशी आल्या. दूध मोजले. आणि मैत्रिणींनो, तीन वर्षांपूर्वीचे सगळे होऊनही त्यांनी पुन्हा विचारले. दर वर्षी विचारतात. माझ्या पोटात दर वर्षी गोळा येतो.

"भात कापू का, बाई?"

ह्या खेपेला मी गॅस बंद केला, हात पुसले आणि त्यांना पाटावर बसवले. म्हटले, "आज आणि उद्या कोरडं आहे. शुक्रवारी, शनिवारी पडू शकेल, पण सगळीकडे नाही. चार पाडे असले तर एखाद्या पाड्यावर."

त्यांनी विचार केला. मग म्हणाल्या, "तो पाडा कुठला?"

"ते नाही सांगत."

"हां," त्या म्हणाल्या, "म्हणजे फोनालाबी ठाऊक नाही." आणि हसल्या. मग बोटांवर हिशेब सुरू झाला, तो मी नुसता ऐकला. थोरल्या मुलाला आठ दिवसांत दिंडोरीला द्राक्षाच्या छाटणीला जायचे आहे. बागाईतदाराची उचल घेतलेली आहे, तो थांबणार नाही. त्याच्या आत भात खळ्यावर आले पाहिजे, कारण तो गेला की घरात भारे उचलणारा गडी नाही. पुढे वाघबारस, मग दिवाळी. सगळे कापून पावसाच्या हाती द्यायचे तर तीन वर्षांपूर्वीचे आठवते. नाही कापायचे तर दाणे झडतात, रानडुकरे आहेतच, आणि मुलगा जातो. शेवटी त्यांनी ठरवले: वरच्या खाचरातले तेवढे आज कापायचे, उद्या संध्याकाळपर्यंत उलटवून वाळवायचे आणि अंधार पडायच्या आत अर्धे ओले असले तरी पडवीत आणायचे. खालचे उभेच राहू द्यायचे. उभ्या भाताला सर सोसते, आडव्याला सोसत नाही. अंदाज माझा होता. पण निम्मे कापायचे आणि निम्मे ठेवायचे ही अक्कल कुठल्याही सल्ल्यात मला दिसली नव्हती.

बुधवारी नववीच्या वर्गात ४१ पैकी १९ हजर. गुरुवारी १६. आमच्या शाळेचा हजेरीपट हे आश्विनातले सगळ्यात खात्रीचे हवामानयंत्र आहे. वर्ग भरलेला असला तर समजावे पावसाची चिन्हे आहेत, मुली मोकळ्या झाल्या आहेत. रिकामा दिसला की आभाळ निरभ्र. वरून विचारणा होते, गैरहजेरी का? आम्ही 'कौटुंबिक कारण' लिहितो. खोटे नाही ते.

शुक्रवारी दुपारी ढग आला. तीन वाजता मी फळ्याकडे पाठ करून खिडकीतच उभी होते, शिकवणे कसले! आला, काळवंडला, गडगडला आणि हातगडाच्या बाजूला सरकला. आमच्याकडे चार थेंब. तिकडे मात्र, बोरगावकडून येणाऱ्या बाईंनी सांगितले, अर्धा तास पाऊस झाला आणि स्ट्रॉबेरीची नुकती लावलेली रोपे पाण्यात बसली. म्हणजे 'तो पाडा' तिकडचा निघाला. मला हायसे वाटले आणि लगेच लाजही वाटली. संध्याकाळी सिन्नरला आईला फोन केला तर ती म्हणते, "आमच्याकडे एक थेंब नाही गं. हरभऱ्याला ओल नाही. तुमच्याकडचा जरा पाठव की इकडे!"

आज शनिवार. सकाळी मावशींनी दुधाबरोबर एका फडक्यात बांधून वरच्या खाचराचे ओंजळभर नवे भात आणले, अजून टरफलासकट. आणि रविवारी आमच्याकडे नागलीच्या भाकरी आणि उडदाचे वरण करायचे ठरले आहे, कारण ह्यांनी त्यांच्या मुलाला दिंडोरीला जायच्या आधी जेवायला बोलावले आहे. नागलीची भाकरी मला अजून नीट थापता येत नाही. पीठ गरम पाण्यात उकडून घेतले नाही तर ती कडेला चिरते. उकडून घेतले तर माझी बोटे भाजतात. मावशी म्हणाल्या, मी येते थापायला.

जाताना त्यांनी अंगणात उभे राहून वर बघितले. पूर्वेला एक ढग होता, अजून छोटा, पांढरा.

"खालचं सोमवारी काढू म्हणते," त्या म्हणाल्या. "उद्या येईन तेव्हा बघून ठेवा."

मी फोन हातात घेतला होता. पण सोमवारसाठी रविवारचा ताजा अंदाज बघितलेला बरा, म्हणून तो परत फडताळावर ठेवला आणि आधी दोरीवरच्या गोधड्या उचलल्या. एक वाजून गेला होता.